तोआ पायोहचा मका

ताईंच्या घरात ऑक्टोबर महिना अमेरिकेतून आला होता. सिंगापूरला ऑक्टोबर असा वेगळा नसतोच. सकाळचा तोच उकाडा, दुपारचा तोच धबाधबा पाऊस, आणि वाळत घातलेले कपडे आत घेईपर्यंत परत ऊन. पण ताई आणि दादा पोराच्या जन्मापासून चार-पाच वर्षं अमेरिकेत काढून आले होते. तिकडे म्हणे या दिवसांत झाडांची पानं लाल होतात, माणसं गाड्या काढून शेतांवर जातात आणि उभ्या मक्यात वाटा कापून भूलभुलैया केलेला असतो. तिकीट काढून आत शिरायचं, हरवायचं, सापडायचं आणि बाहेर येऊन फोटो काढायचा. दरवर्षी. त्यांच्या घरची रीतच झाली होती ती.

ताईंनी मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "तिकीट काढून हरवायचं? आम्ही मक्यात हरवलो की मार मिळायचा."

ताई खूप हसल्या. तेव्हा आमचं असं हसणं-बोलणं होतं.

हॉलच्या भिंतीवर ते फोटो ओळीनं लावलेले होते. मक्याच्या ताटांपुढे उभं पोर, दर फोटोत थोडं उंच. सिंगापूरला आल्यापासूनची जागा मोकळी. पोर सात वर्षांचं झालं होतं. इंग्रजी शाळेत जायचं, माझ्याशी मराठी सुरू करायचं आणि मधेच गाडी इंग्रजीवर न्यायचं. एक दिवस शाळेतून आल्यावर बूट काढता काढता विचारलं, "मावशी, इथे फॉल कधी येतो?"

"इथे नाही येत रे."

"व्हाय नॉट? अमेरिकेत येतो, पुण्यात दिवाळी येते. इथे नथिंग लाह." वाक्याच्या शेवटी 'लाह' लावायची इथली सवय त्याच्या जिभेला लागली होती.

मला ते लागलं. कारण माझीही एक दिवाळी होती, तीही इथे येत नव्हती.

माझी शाळा आठवीत सुटली ती सुटलीच. पुढे लग्न, मुलगी, मग नवरा गेला, आणि कराडच्या एका ओळखीच्या बाईंमार्फत मी ताईंच्या घरी स्वयंपाकाला आणि पोराला सांभाळायला म्हणून सिंगापूरला आले. लेक माझ्या आईपाशी. माझं परमिट ताईंच्या सहीवर, माझी खोली त्यांच्या स्वयंपाकघरामागे, माझा महिन्याचा एक रविवार त्यांनी दिलेला. ताई वाईट नव्हत्या. मला डेंग्यू झाला तेव्हा बँकेतून रजा काढून त्या माझ्या उशाशी बसल्या होत्या. नर्सला दोनदा फैलावर घेतलं त्यांनी माझ्यासाठी. सख्खी बहीण करणार नाही एवढं केलं. ते मी विसरले नाही, आणि मी विसरू नये याची काळजी त्यांनीही घेतली.

गेल्या दोन दिवाळ्या मी लेकीपाशी नव्हते. आमच्याकडे नरक चतुर्दशीची पहिली आंघोळ आईनं घालायची असते. पाटावर बसवून, तेल चोळून, उटणं लावून. माझ्या लेकीला ती आजी घालायची. फोनकार्ड घासून मी नंबर लावायचे आणि आईला विचारायचे, घातलीस का, नीट चोळलंस का, पाठीला तेल लावलंस का. त्या वर्षी जुलैमध्ये आई फोनवर म्हणाली, "आता ती दार लावून आंघोळ करती बाई. मोठी झाली. यंदा बसंल पाटावर, फुडच्या वर्षी न्हाई बसायची."

मी त्याच रात्री जेवणं झाल्यावर ताईंना सांगितलं. "ताई, यंदा दिवाळीला मला जाऊ द्या. गेल्या वर्षी तुमच्या सासूबाई आल्या होत्या म्हणून राहिले. यंदा मला पोरीला आंघोळ घालायचीय."

"जा की," ताई म्हणाल्या. "दसरा होऊ दे आणि जा. तिकीटच काढून टाकू." आणि दादांनी खरंच दुसऱ्या आठवड्यात तिकीट काढलं. मला इतका आनंद झाला की काय करू आणि काय नको. त्या भरात मीच म्हणून बसले, "तुमचा तो मका मी लावू का खाली?"

आमच्या ब्लॉकच्या मागे रहिवाशांची बाग होती. तोआ पायोह ही सिंगापुरातली जुनी वस्ती, तिथली म्हातारी माणसं सकाळी लवकर उठून भेंड्या, वांगी, भातात वासाला घालायची पांदानची पानं लावायची. बागेचा सगळा कारभार एका चिनी अंकलच्या हातात. बस चालवून निवृत्त झालेला माणूस, अंगात गंजीफ्रॉक, हातात कायम पाण्याच्या नळाची किल्ली. वांग्यांच्या पलीकडे दोन बसगाड्या उभ्या राहतील एवढी जागा रिकामी पडली होती. ताई त्याच्याशी बोलल्या. त्यानं ताईंनी कागदावर काढलेल्या मक्याच्या वाटा पाहिल्या, मान हलवली, आणि एकच अट घातली. मका झाला की एका रविवारी ब्लॉकमधल्या सगळ्या पोरांना त्यात खेळू द्यायचं. तोपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

"ऑफ कोर्स!" ताई म्हणाल्या.

मग मी राबले. खरंच राबले. सकाळी पोराला शाळेच्या बसमध्ये बसवलं की बागेत. भाज्यांच्या साली, नारळाच्या शेंड्या, चहाचा चोथा, सगळं खाली न्यायचे. बी उगवून वर आलं तेव्हा साळुंक्या टपून बसायच्या, त्यांना हाकलायला पोराची जुनी चकचकीत सीडी दोरीला बांधली. रोपं गुडघ्याएवढी झाल्यावर ताईंच्या कागदाप्रमाणे मधली उपटून वाटा केल्या. एकदा पावसानं अर्धा मका आडवा झाला. मी आणि अंकल दोघं चिखलात उभे राहून एकेक ताट काठीला बांधत होतो. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. तोडक्यामोडक्या इंग्रजीत तो माझ्यावर खेकसायचा, "आंटी, टू मच वॉटर!" आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या थर्मासमधला चहा मला ओतून द्यायचा.

सप्टेंबर सरता सरता मका माझ्या डोक्याच्या वर गेला. तुरे आले, कणसं धरली. पोर शाळेतून आलं की दप्तर टाकून त्यात शिरायचं आणि आतून ओरडायचं, "मावशी, मी हरवलो!" मला ठाऊक असायचं कुठंय ते, पानं हलायची. तरी मी विचारायचे, "कुठं गेलं बाई माझं पोर?" त्या दिवसांत मी खूश होते. माझं तिकीट कपाटात होतं, मका उभा होता. अंकलनं लिफ्टपाशी कागद चिकटवला होता, दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी सगळ्या मुलांनी यावं. ताईंनी ठरवलं, फोटोही तेव्हाच काढू.

दसरा शनिवारी आला.

दसऱ्याला ताईंकडे मराठी मंडळी जमायची. कुणी तांजोंग पगारला बँकेत, कुणी आयटीत, कुणी नुकतेच पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी झालेले, कुणी तर आता सिंगापूरचेच नागरिक. माणसं चांगली, बोलणारी, हौशी. दरवर्षी पुण्याहून येणारं कुणीतरी बॅगेतून आपट्याची पानं आणायचं. त्या वर्षी ज्यांनी आणायची त्यांचं येणंच रद्द झालं. ताईंनी पोराला बसवून सोनेरी कागदाची पानं कापून घेतली होती. ताटलीत छान मांडली होती.

मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होते. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. एक जाडजूड गृहस्थ होते, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आवाज असा की शेजारचा चिनी टीव्ही मोठा करायचा. ते ताटली बघून म्हणाले, "हे काय? कागदाचं सोनं? अहो, दसऱ्याला लुटायचं असतं, कापायचं नसतं!"

कुणीतरी म्हणालं, "इथे कुठला आपटा?"

"आपटाच कशाला पाहिजे? हिरवं पान पाहिजे." ते बहुतेक तोवर गॅलरीत गेले असावेत, कारण पुढचं वाक्य तिकडून आलं. "अरे! खाली मका कुणाचा?"

"आमचाच तो," ताई म्हणाल्या. केवढ्या अभिमानानं म्हणाल्या.

"मग झालं तर! चला मंडळी, सीमोल्लंघन! लिफ्टनं!"

हशा पिकला. चपलांचा, साड्यांचा, पोरांच्या पळण्याचा आवाज झाला. मी ओरडले, "ताई, उद्या मुलं यायचीत!" पण कढईत पुरी फुगत होती, दार बंद झालं होतं, आणि माझ्यासारखीच्या ओरडण्याला तिथे थांबून कोण ऐकणार.

मला वाटलं, दोन-चार पानं घेतील. शिकलेली माणसं आहेत.

थोड्या वेळानं पोर धापा टाकत वर आलं. रडत होतं. "मावशी, दे आर ब्रेकिंग माय मका! तू चल!"

मी गॅस बंद केला आणि तशीच पिठाच्या हातांनी खाली गेले.

मी पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. सिल्कचे झब्बे, पैठण्या, आणि माझा मका. पानं नुसती तोडत नव्हते, ओरबाडत होते. एकेक ताट बुंध्यापासून वाकवून, वरपासून खालपर्यंत सोलल्यासारखी पानं ओढायचे. मोठ्या मुलांनी ताटं मोडून तलवारी केल्या होत्या. एक बाई कणसं सोलून दाणा नखानं दाबून बघत होत्या, "अगं, दूध आहे अजून! भाजून काय लागतील!" वाटाच उरल्या नव्हत्या, कारण भिंतीच उरल्या नव्हत्या. इकडून उभं राहिलं की पलीकडचा लिफ्टचा दरवाजा दिसत होता. आणि ते बँकवाले गृहस्थ मधोमध उभे राहून ओरडत होते, "लुटा! लुटा!"

दादा हसत होते. ताईंच्या हातात कॅमेरा होता. रडणाऱ्या पोराला त्यांनी ओढून उभं केलं. "रडायचं नाही हं. बघ, मका आहे ना मागे? स्माईल!"

मी म्हटलं, "ताई, उद्या..."

"अगं, पानंच तर घेतायत. येतील परत," ताई म्हणाल्या. मक्याला पानं परत येत नाहीत हे त्यांना खरंच माहीत नव्हतं का, की त्यांनाही तेव्हा कुणाला थांबवता येत नव्हतं, मला आजतागायत कळलेलं नाही.

आणि मग माझी पाळी आली. एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं, सगळ्यात मनमिळाऊ. तो मुलगा माझ्यापुढे आला, मक्याचं पान माझ्या पिठाळ हातात ठेवलं आणि वाकला. "मावशी, सोनं घ्या. सोन्यासारख्या राहा." मागोमाग त्याची बायको वाकली. मग आणखी कुणी. सणाचा दिवस, मोठी बाई दिसली, केला नमस्कार. माझ्या हातात माझ्याच मक्याची पानं साठत चालली आणि मी प्रत्येकाला "सुखी राहा, सुखी राहा" म्हणत होते. मनात शिव्या येत होत्या, अशा शिव्या ज्या मी आमच्या गावच्या बैलालासुद्धा कधी दिल्या नाहीत. पण तोंडातून आशीर्वादच बाहेर पडत होते. सणाला वाकलेल्या माणसाला दुसरं म्हणणार तरी काय?

वर येऊन मी गार झालेल्या पुऱ्या टाकून नवीन तळल्या. सगळे पोटभर जेवले. बासुंदी फार छान झाली होती म्हणे.

रविवारी सकाळी ताई स्वयंपाकघरात आल्या. चेहरा उतरलेला होता. खिडकीतून त्यांनी खाली बघितलं असणार.

"हे बघ," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अंकलला मी सांगते की तुला वाटलं पीक तयार झालं म्हणून तू काढलंस. तू फक्त मान हलव. तुला तो काही बोलणार नाही, तुझ्यावर माया आहे त्याची. आमचं पीआरचं चाललंय. ब्लॉकच्या कमिटीत तक्रार गेली, अमुक घरच्यांनी पार्टी करून बाग मोडली, तर उगाच... कळतंय ना तुला?"

"ताई, पण मी तर पुऱ्या तळत होते."

"अगं, मला माहितीये ना ते! तू काय, दोन आठवड्यांत घरीच चाललीस. तुला काय फरक पडतो?"

मला काय फरक पडतो. मी चहाचं आधण ठेवलं होतं ते तसंच उकळत राहिलं.

आम्ही खाली गेलो. ब्लॉकमधली मुलं आली होती. चिनी, मलय, दोन तमिळ बहिणी, सगळ्यांच्या गळ्यात पाण्याच्या बाटल्या. एका लहानग्याला त्याच्या आजीनं उन्हाची टोपी घालून आणलं होतं. ती सगळी त्या काड्यांकडे बघत उभी होती. एक मुलगी अंकलला विचारत होती, मेझ कुठंय म्हणून. अंकल मोडकी ताटं गोळा करत होता.

ताईंनी इंग्रजीत सुरू केलं. सॉरी, सो सॉरी. माझ्याकडे हात केला. "माय हेल्पर, शी डिडन्ट नो. तिला वाटलं हार्वेस्ट करायचं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. टोपीवाल्या लहानग्यानंसुद्धा.

मी मान हलवणार होते. खरंच हलवणार होते, तिकिटासाठी, लेकीसाठी, डेंग्यूत उशाशी बसलेल्या ताईंसाठी. पण अंकलच्या पायात चिखलाचे तेच बूट होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नॉट मी, अंकल. नॉट मी."

ताईंचा माझ्याकडे केलेला हात खाली आला.

मला वाटलं, अंकल निदान मला समजून घेईल. त्यानं आमच्या दोघींकडे पाळीपाळीनं पाहिलं. "यू, शी, सेम लाह," तो म्हणाला. "तुमचा सण. तुमची माणसं. मी वरून पाहिलं." माझ्याकडे बघून पुढे म्हणाला, "तू खाली होतीस. हातात पानं होती." आणि नळाची किल्ली खिशात टाकून मुलांना घेऊन पलीकडच्या घसरगुंडीकडे निघून गेला.

काय सांगणार होते मी त्याला? पानं हातात होती हे खरंच होतं. कुणी कशी दिली, मी का घेतली, हे सांगायला माझ्यापाशी इंग्रजी नव्हतं. आणि असतं तरी चिनी माणसाला कसं सांगायचं की आमच्यात दसऱ्याला दिलेलं सोनं नाकारत नाहीत.

लिफ्टमध्ये ताई आकड्यांकडे बघत राहिल्या. घरात शिरल्यावर म्हणाल्या, "मला सगळ्यांसमोर खोटं पाडलंस."

"तुम्ही मला पाडलंत, ताई."

"इतकं केलं मी तुझ्यासाठी..."

"केलंत. जन्मभर म्हणेन मी, केलंत."

त्यांनी पर्स टेबलावर टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दिवाळीला सासूबाई येतायत, तुला सांगायचं राहिलं. मला एकटीला जमणार नाही. तू डिसेंबरात जा. तिकीट बदलता येतं."

मक्याचं मी गिळलं असतं. खोट्याचंही गिळलं असतं, रोज काही ना काही गिळतच होते. पण पाटावरची ती एक आंघोळ कुणीतरी डिसेंबरात ढकलत होतं, जसं जेवणाची वेळ पुढे ढकलावी. डिसेंबरात कसली नरक चतुर्दशी!

"ताई, मी दिवाळीलाच जाणार."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर परमिट रद्द करा. तरी मला घरीच पाठवावं लागेल ना? तेही दिवाळीच्या आधीच."

हे मी बोलले यावर माझाच विश्वास बसेना. परमिट गेलं तर पुढे खायचं काय, लेकीची शाळा कशी चालवायची, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. तरी शब्द मागे घेतले नाहीत. पोर सोफ्यावर पाय वर घेऊन बसलं होतं, ते म्हणालं, "मम्मी, मावशी डिडन्ट डू एनिथिंग."

"तू आत जा!" ताई त्याच्यावर ओरडल्या. मग दादा पेपर बाजूला ठेवून एवढंच बोलले, "जाऊ दे तिला. तिकीट बदलत नाही मी." कालपासून त्या माणसानं केलेलं ते पहिलं काम.

पुढचे दोन आठवडे त्या घरात भांड्यांचेच आवाज होते. ताई मला "हे कर, ते कर" एवढंच म्हणायच्या. मीही "हो" एवढंच. बागेत मी गेले नाही. निघायच्या आदल्या दिवशी ताईंनी माझ्या पलंगावर एक पिशवी ठेवली. लेकीला फ्रॉक, चॉकलेटं. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "परत येशील ना?"

मी "येईन" म्हटलं. यावं लागणारच होतं, आणि ते दोघींनाही ठाऊक होतं. पण मला त्यांनी तेव्हा एकदा तरी म्हणायला हवं होतं, माझं चुकलं. नाही म्हणाल्या. आजपर्यंत नाही. पुढे त्यांचं पीआर झालं, पेढे आले, मी वाटले. तरी नाही. आणि मी आजही त्यांचे उपकार मानते, आणि आजही तो रविवार आठवला की हातातलं भांडं जोरात आपटते.

चतुर्दशीला पहाटे लेक पाटावर बसली. सहज नाही बसली. आधी म्हणाली, मी माझी माझी घेते. मग आजीनं डोळे मोठे केले तेव्हा परकर आवळून बसली, पाठ माझ्याकडे करून, ताठ. केवढी पाठ झाली होती! मी तेल गरम केलं होतं. खांद्यापासून चोळायला लागले. पोरीची हाडं हाताला लागत होती आणि माझ्या डोक्यात मात्र तोआ पायोहच चाललं होतं, यू, शी, सेम लाह. तुला काय फरक पडतो. स्माईल.

"आई गं!" लेक कळवळली. "किती जोरात चोळतीस! कुणावर चिडलीस एवढी?"

मी हात थांबवला. चुलीवर पाणी उकळत होतं, आई पलीकडे पणत्या लावत होती.

"तुझ्यावर न्हाई," मी म्हटलं. "बस नीट. अजून डोकं राहिलंय."

ती बसली.